संप, बहिष्कार आणि आपला विद्यार्थी : खान्देशातील अनुभवावरून

१

विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या शिबिरांतून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. विद्यापीठातले कर्मचारी किंवा प्राध्यापक संपावर गेले, तर दलित विद्यार्थ्याने कोणाच्या बाजूने उभे राहायचे? विचारणारा मुलगा बहुधा शिरपूर, साक्री, चोपडा, यावल अशा तालुक्यांतला असतो. घरातला पदवीपर्यंत पोचलेला तो पहिलाच. त्याची शिष्यवृत्ती ज्या टेबलावर अडते त्याच टेबलावरचा माणूस संपावर असतो. आणि तो माणूस शिष्यवृत्तीच्या अर्जाला नेहमीच आपुलकीने हात लावतो असेही नाही.

या प्रश्नाला शिबिरात दोन ठरीव उत्तरे मिळतात. एक असे की, कष्टकऱ्यांचा प्रत्येक लढा हा आपलाच लढा आहे, सबब पाठिंबा द्या. दुसरे असे की, पगारदारांच्या भांडणाशी आपला संबंध काय, त्यांनी आपल्यासाठी कधी काय केले? ही दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत, असे माझे मत झाले आहे. मी संप दोन्ही बाजूंनी पाहिला. धुळ्यात वसतिगृहातला विद्यार्थी म्हणून पाहिला, आणि पुढे जळगाव जिल्ह्यात शिक्षक म्हणून स्वतः केला. म्हणून या प्रश्नाकडे थोडे इतिहासाच्या अंगाने पाहावे असे वाटते.

२

आरंभ खान्देशातूनच करू. ऑक्टोबर १९२९ मध्ये बाबासाहेब आंबेडकर धुळ्याकडे आले होते. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते आणि खान्देशातल्या एका गावी सवर्णांनी अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची त्यांना चौकशी करायची होती. ती आटोपून परतताना ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवर जमलेल्या महार मंडळींनी मुक्कामाचा आग्रह केला होता. महारवाडा जवळच होता, पण तेथे जायला टांगा मिळेना. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे एकाही टांगेवाल्याला आपल्या इभ्रतीला शोभेसे वाटले नाही. शेवटी टांगा भाड्याने मिळाला तो या अटीवर की, टांगेवाला हाकणार नाही. पाहुण्याने पायी जावे हे महारवाड्याला अपमानाचे वाटले. म्हणून ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. नदीवरच्या मोरीशी टांग्याचे चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आणि आपण ती अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगत आलो. ती तशी आहेच. मला तीत आणखी एक प्रश्न दिसतो. टांगेवाल्यांनी त्या दिवशी काम करण्याचे नाकारले. मग तो संप होता काय?

कोणीही म्हणेल, नव्हता. तो बहिष्कार होता. बरोबर. पण दोहोंत फरक कोणता? दोन्हींत माणूस काम नाकारतो. दोन्हींत कोणाची तरी अडचण होते. फरक दिशेचा आहे. संपाचा नकार वर जातो : ज्याच्या हातात पगार, जमीन, हुकूम आहे त्याच्याकडे. बहिष्काराचा नकार खाली येतो : ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्या अंगावर. संप हे दुबळ्याचे हत्यार आहे आणि बहिष्कार हे बळवंताचे. एखादा नकार संप आहे की बहिष्कार, हे नकार देणाऱ्याच्या घोषणेवरून ठरत नाही. त्याचे ओझे अखेर कोणाच्या मानेवर पडते यावरून ठरते. ही कसोटी या लेखात मला शेवटपर्यंत लागणार आहे.

३

आपल्या समाजाला काम नाकारण्याचा हक्क होता कधी? महाराला गावकीचे काम नाकारता येत नव्हते. वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस सरकारचे आणि गावाचे राबायचे, मेलेली ढोरे ओढायची, टपाल पोचवायचे, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे. १८७४ च्या वतन कायद्याने या वेठीला कायद्याचे कवच दिले होते. १९२७ मध्ये महाडला मेलेली ढोरे ओढणे बंद करण्याची हाक दिली गेली आणि गावोगाव आपल्या लोकांनी ती पाळली. आपल्या इतिहासातला मोठा संप शोधायचा तर तो तेथे शोधावा लागेल. त्याला गावाने उत्तर दिले ते बहिष्काराने : दुकान बंद, दळण बंद, शेताची वाट बंद. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ती वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

ज्या समाजाला काम नाकारण्याचा हक्क नव्हता, त्या समाजातून आलेला माणूस संपाच्या हक्काकडे पांढरपेशांचा लाड म्हणून पाहू शकत नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहाचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी मांडलेला युक्तिवाद हाच होता. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग होईल, तो गुन्हा होऊ शकत नाही; माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे त्याला गुलाम करणे होय; आणि स्वातंत्र्याचा हक्क पवित्र मानत असाल तर संपाचा हक्कही मानला पाहिजे. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत, खान्देशाच्या वेशीवर मनमाडला, रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले होते.

पण याच बाबासाहेबांनी दहा वर्षे आधी, १९२८ च्या गिरणी संपात, संपवाल्यांना एक अडचणीचा प्रश्न विचारला होता. विणकाम खात्यात पगार जास्त आणि तेथे अस्पृश्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा स्पृश्य कामगाराला चालत नाही. एकजुटीची भाषा करणाऱ्या संघटनेने हा मज्जाव उठवण्याची मागणी आपल्या यादीत घ्यावी, नाहीतर दलित कामगार तुमच्यामागे का यावा, असा त्यांचा सवाल होता. ती मागणी यादीत गेली, पण मोठ्या नाखुशीने. १९२९ च्या संपाला त्यांनी विरोधच केला.

आपल्यातले काही जण १९३८ चे बाबासाहेब पुढे करतात, काही १९२९ चे. दोघेही अर्धे सांगतात. संपाचा हक्क त्यांनी कधी सोडला नाही आणि संपाच्या आतली जात त्यांनी कधी माफ केली नाही. ही दोन सूत्रे एकत्र धरली तरच आपल्या विद्यार्थ्याला देता येईल असे उत्तर हाती लागते.

४

आता माझ्या पिढीकडे येतो. १४ डिसेंबर १९७७ ला महाराष्ट्रातील सरकारी कर्मचारी बेमुदत संपावर गेले. आणीबाणी उठून वर्षही झाले नव्हते. केंद्राच्या दराने महागाई भत्ता ही मुख्य मागणी होती, र. ग. कर्णिक हे नेते होते आणि वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. तो संप ५४ दिवस चालला.

तो संप विद्यापीठाच्या नोकरांचा म्हणून ओळखला जात नाही. पण दलित विद्यार्थ्याचे विद्यापीठ फक्त वर्गात नसते. समाजकल्याण खात्याची कचेरी हा त्याच्या विद्यापीठाचाच एक विभाग असतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना. आमच्यासारख्यांच्या शिक्षणाचा पाया तोच. तो पैसा ज्या हातांतून येतो ते हात संपावर गेले म्हणजे आमचे कॉलेज उघडे असून बंद.

मी तेव्हा धुळ्याला एका वसतिगृहात होतो. पांझरेवरून वारे सुटले की त्या पत्र्याच्या खोल्यांत रात्र काढणे कठीण व्हायचे. अनुदान अडले, वाण्याने उधारी थांबवली. गावाकडून कोणी दादरचे पीठ आणले, कोणी मिरच्या आणल्या. एक वेळच्या भाकरीवर दिवस निघू लागले. आमच्यातला एक शिंदखेड्याकडचा मुलगा म्हणायचा, "तुमना संप, आमना उपास." हे वाक्य वसतिगृहात घोषणेसारखे फिरले.

एका रात्री बैठक झाली. काहींचे म्हणणे, कलेक्टर कचेरीवर संपाविरुद्ध मोर्चा काढावा. पगार घेणाऱ्यांना आणखी पाहिजे आणि आम्हाला आहे तेही मिळत नाही. दुसऱ्यांचे म्हणणे, सरकारला तेच पाहिजे आहे. आपल्याला कर्मचाऱ्यांच्या अंगावर घालायचे आणि आपण बाजूला उभे राहायचे. या वादात एक साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. ती आणली त्या कचेरीतल्या शिपायाने. तो आमच्याच समाजाचा, वयाने वडिलांसारखा. आम्ही त्याला नाना म्हणत असू. तो बैठकीच्या दाराशी बसून होता. तो म्हणाला, "पोरंहो, वीस वरीस मी त्या साहेबले पानी दिनं. त्याले मनं नाव माहीत नव्हतं. आम्ही काम बंद करं, तव्हय त्याले समजनं आम्ही शेतस."

त्यानंतर संपाविरुद्ध मोर्चाची गोष्ट कोणी काढली नाही. आम्ही संपवाल्यांच्या मोर्चात गेलो, पण आमचा वेगळा फलक घेऊन : संप मिटताच पहिले काम शिष्यवृत्तीचे. संपवाल्या पुढाऱ्यांपैकी काहींना तो फलक रुचला नाही. त्यांना वाटले, आम्ही मोर्च्यात राहून कुरकूर करतो आहोत. पण एक कारकून, ज्याची आणि आमची पूर्वी खिडकीपलीकडून फक्त कुरबुरच होत असे, तो संपाच्या काळात आठवड्यातून दोन संध्याकाळी वसतिगृहात येऊ लागला. काम केले असे होऊ नये म्हणून कचेरीचा कागद त्याने कधी आणला नाही. आमच्याच वह्यांच्या कागदांवर त्याने प्रत्येकाचा अर्ज, दाखला, राहिलेली सही तपासून याद्या करून घेतल्या. संप मिटला आणि पहिल्या आठवड्यात त्या याद्यांवरून कामे हलली. त्याने संपही मोडला नाही आणि आमचे वर्षही बुडू दिले नाही. संपाचा नकार खाली येऊ न देणे म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचण्याआधी तेथे पाहिले.

एवढेच सांगून थांबलो तर ही गोड गोष्ट होईल, आणि ती खोटी ठरेल. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. धुळ्यात आम्ही निषेधाची सभा ठेवली. ज्यांच्या मोर्चात आम्ही उपाशीपोटी चाललो होतो त्या मंडळींच्या घरी निमंत्रणे घेऊन गेलो. दोघे आले, त्यात तो कारकून होता. बाकीच्यांपैकी एकाने दारातच सांगितले, "तो तुमचा प्रश्न आहे, त्यात आम्हाला ओढू नका." डिसेंबरात जो प्रश्न आपला होता तो ऑगस्टात तुमचा झाला. 'आपला' आणि 'तुमचा' यांतले ते सहा-आठ महिन्यांचे अंतर मी अजून विसरलो नाही. नामांतराला पुढे १४ जानेवारी १९९४ ची वाट पाहावी लागली. त्या सोळा वर्षांत पगारवाढीसाठी किती संप झाले आणि नामांतरासाठी कर्मचाऱ्यांनी किती केले, याचा हिशेब प्रत्येक संघटनेने स्वतःपुरता करावा.

५

४ ऑगस्ट १९८७ ला देशभरातील विद्यापीठीय व महाविद्यालयीन प्राध्यापक बेमुदत संपावर गेले. मेहरोत्रा समितीच्या वेतनविषयक शिफारशी केंद्र सरकारने जशाच्या तशा स्वीकाराव्यात, अशी मागणी होती. आता मी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला होतो. खान्देशातली कॉलेजे तेव्हा पुणे विद्यापीठाला जोडलेली. गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायची तर जळगावच्या मुलाला रात्रीची गाडी धरून पुण्याला जावे लागे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला स्थापन झाले ते १५ ऑगस्ट १९९० ला. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे.

१९८७ मध्ये विद्यार्थ्यांशी बोलण्याची एक सोय होती, तिचे महत्त्व तेव्हा कळले नाही. वर्गप्रतिनिधी आणि सरचिटणीस निवडणुकीने येत. त्या निवडणुकांत पैसा, जात, दांडगाई सारे होते हे खरे. पण संपाच्या काळात प्राध्यापकांना भेटायला कोणीतरी निवडून आलेला मुलगा येत होता, चार प्रश्न विचारत होता, वर्गाला जाऊन उत्तर सांगत होता. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने त्या प्रत्यक्ष निवडणुका बंद केल्या आणि गुणवत्तेच्या यादीवरून प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्याने निवडणुका पुन्हा कागदावर आणल्या; त्या कागदावरून कॉलेजात मात्र उतरल्या नाहीत. विद्यार्थ्यांचा पाठिंबा मागायचा तर तो मागायचा कोणाकडे, हा प्रश्न त्यानंतरच्या प्रत्येक आंदोलनात उभा राहिला.

तो ठळकपणे दिसला २०१३ मध्ये. ४ फेब्रुवारीपासून प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९९१ ते २००० या काळात नेट-सेट नसताना नेमलेल्या प्राध्यापकांच्या सेवेचा प्रश्न, या दोन मोठ्या मागण्या होत्या. उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर १० मे रोजी आंदोलन मागे घेतले गेले. सहभागी प्राध्यापकांचा ७१ दिवसांचा पगार सरकारने रोखला, आणि २७ जून २०१३ च्या शासननिर्णयाने त्या बिगर नेट-सेट प्राध्यापकांना नियमित मानले.

या आंदोलनाला आम्हीच बहिष्कार हा शब्द वापरला, याचे मला आज नवल वाटते. माझ्या हातून शिकलेला एक मुलगा तेव्हा भेटायला आला. नेट उत्तीर्ण, अनुसूचित जातीतला, तीन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवणारा. परीक्षा लांबल्या की त्याचे पुढच्या वर्षाचे तास लांबत होते. तो म्हणाला, "सर, राखीव जागेला पात्र उमेदवार नाही म्हणून बिगर नेटवाले भरले. आता पात्र उमेदवार मी आहे. तुमच्या मागणीपत्रात मी कुठे आहे?" मी मागणीपत्र काढून पाहिले. तो तेथे असता तरी शेवटच्या कलमात असता, आणि शेवटची कलमे वाटाघाटीत पहिल्यांदा गळतात हे मला माहीत होते. मी त्याला सांगितले की, वीस वर्षे शिकवलेल्या माणसाची नोकरी टांगणीला ठेवणे अन्याय आहे. ते खरेच आहे. तो म्हणाला, "होय सर. आणि माझी?"

धोट्याला तोंड लावू न देणारा १९२८ चा प्रश्न २०१३ मध्ये असा विचारला गेला. त्याला मी उत्तर दिले नाही. मी आंदोलनातून बाहेर पडलो नाही, आणि त्याला आत घेतलेही नाही. त्याबद्दल दोष द्यायचा तर मी तो स्वतःलाच देईन.

६

विद्यार्थ्याने कर्मचाऱ्यांच्या बाजूने उभे राहण्याची किंमत काय असते, याचे एक उदाहरण शेजारच्या देशातले आहे. मार्च १९४९ मध्ये ढाका विद्यापीठातल्या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांनी संप केला. शिपाई, पहारेकरी, झाडूवाले अशी ही माणसे. विद्यार्थ्यांनी त्यांना पाठिंबा दिला आणि विद्यापीठाने २७ विद्यार्थ्यांवर कारवाई केली. दंड भरा, चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून द्या, असे सांगितले गेले. कायद्याच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने दोन्ही नाकारले आणि त्याला विद्यापीठातून काढून टाकले. त्याचे नाव शेख मुजीबुर रहमान. त्याच्या हातून पुढे देश उभा राहिला, १९७५ मध्ये त्याची हत्या झाली, आणि विद्यापीठाने ती हकालपट्टी रद्द केली २०१० मध्ये, ६१ वर्षांनी. त्या वेळी पाकिस्तानचे कायदा व मजूर खाते जोगेंद्रनाथ मंडल यांच्याकडे होते. १९४६ मध्ये बंगालमधून बाबासाहेबांना घटना समितीवर निवडून आणण्यात ज्यांचा पुढाकार होता तेच हे मंडल. वर मजूरमंत्री आपला असला तरी खाली विद्यापीठात झाडूवाला एकटा पडू शकतो, एवढे या योगायोगावरून घेण्यासारखे आहे.

मला या घटनेत महत्त्वाचे वाटते ते हे की, ते विद्यार्थी कुलगुरूंच्या किंवा प्राध्यापकांच्या मागे गेले नाहीत. ते विद्यापीठातल्या सर्वांत खालच्या माणसामागे गेले. पाठिंब्याची सुरुवात तेथून झाली पाहिजे.

आपल्याकडे तो खालचा माणूस आज कोठे आहे? फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यातील अकृषी विद्यापीठे व महाविद्यालयांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी प्रथम परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि २० तारखेपासून बेमुदत संप केला. आश्वासित प्रगती योजना पूर्ववत करावी, सातव्या वेतन आयोगापासून वंचित राहिलेल्या १४१० कर्मचाऱ्यांना तो लागू करावा, रिक्त पदे भरावीत, अशा मागण्या होत्या. पाठोपाठ १४ ते २० मार्च जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांचा संप झाला. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना ती पेन्शन नाही. तेव्हा काही ठिकाणी बेरोजगार तरुणांनी संपाविरुद्ध मोर्चे काढले आणि आम्ही निम्म्या पगारावर काम करू असे सांगितले. माझ्या ओळखीच्या काही तरुणांना त्याचा आनंद झाला. त्यांना मी १९७७ ची ती बैठक सांगितली. निम्म्या पगारावर काम करायला तयार असलेला माणूस शेवटी अर्ध्या माणसाएवढाच मोजला जातो. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासननिर्णय निघाला. तो ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला, पण वाट कोणत्या दिशेची आहे ते दिसले. कंत्राटात आरक्षण नसते, हे आपल्या तरुणाला वेगळे सांगायला नको.

आणि तरीही त्या संपाच्या दिवसांत खान्देशातल्या एका कॉलेजात मी गेलो तेव्हा सगळी टेबले रिकामी होती आणि एक बाई व्हरांडा झाडत होत्या. त्यांना विचारले, "ताई, तुमचा संप नाही का?" त्या म्हणाल्या, "आम्ही ठेकेदाराच्या, भाऊ. आम्हाला कुठला संप?" नाना निदान संप करू शकत होता. त्याच्या जागी आलेल्या बाईला तोही हक्क उरला नाही. वतनातून सुटलेला समाज ठेक्यात गेला, आणि ठेक्यातल्या माणसासाठी मागणीपत्रात कलम नाही.

७

मग आपल्या विद्यार्थ्याला काय सांगायचे?

पहिले हे की, संपाच्या हक्काविरुद्ध त्याने कधी उभे राहू नये. संप फोडण्यासाठी संपवाल्याच्या टेबलावर बसू नये. तो हक्क आपल्या आजोबांना नव्हता, एवढे कारण पुरे आहे.

दुसरे हे की, त्याने पाठिंबा द्यावा, पण आपला फलक घेऊन द्यावा. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचे काम संपातून वगळा किंवा सर्वांत आधी उरका, ही त्यावरची पहिली ओळ असावी. संपाची धार त्याने बोथट होईल असे कोणी म्हणेल. डॉक्टरांच्या संपात अपघात विभाग चालू ठेवतात, त्याने डॉक्टरांचा संप लटका ठरत नाही. ज्या संपाची धार फक्त गरीब पोराच्या उपासावर चढते, तिची सरकारला कधीच फिकीर नव्हती. शिष्यवृत्तीचे अर्ज आता संगणकावर भरतात, पण तपासणीचे टेबल आहे तेथेच आहे.

तिसरे हे की, तासिका तत्त्वावरचे शिक्षक, ठेक्यातले सफाई कामगार आणि न भरलेल्या राखीव जागा ही कलमे मागणीपत्राच्या आरंभी मागावीत. कर्मचारी संघटनांतल्या आपल्या मंडळींनी हे काम आतून करावे. वेगळी मागासवर्गीय संघटना काढून वेगळी चहाची टपरी चालवल्यासारखे वागण्याने ते होणार नाही, आणि मोठ्या संघटनेत मान खाली घालून बसण्यानेही होणार नाही.

या अटी घालणे म्हणजे सौदेबाजी आहे, असा आक्षेप मला अपेक्षित आहे. १९२८ मध्ये बाबासाहेबांवरही तो घेतला गेला होता. पण न बोलता दिलेल्या पाठिंब्याला आठ महिन्यांनी 'तो तुमचा प्रश्न' असे उत्तर मिळते, हे मी पाहिले आहे.

चाळीसगावच्या त्या प्रसंगाविषयी बाबासाहेबांनी महारवाड्याला दोष दिला नाही, मात्र एक गोष्ट सौम्यपणे लिहून ठेवली : पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. मला आपल्या विद्यार्थ्यांच्या पाठिंब्याबद्दल हेच म्हणायचे आहे. भावनेच्या भरात आपण कोणाचाही लगाम हाती घेतो आणि मोरीशी आपलाच माणूस पडतो. टांगा नाकारणाऱ्यांशी भांडले पाहिजे, त्यांच्यातल्या जो येईल त्याला बरोबर घेतले पाहिजे, आणि दरम्यान आपण टांगा हाकायला शिकले पाहिजे. कर्मचाऱ्यांच्या संघटनेत, विद्यार्थ्यांच्या मंडळात, विद्यापीठाच्या अधिसभेत हे शिकण्याची जागा आहे. ती कोणी आपल्यासाठी राखून ठेवणार नाही.

तो नेट झालेला मुलगा अजून तासिका तत्त्वावरच शिकवतो. गेल्या वर्षी त्याने आपल्यासारख्यांची एक यादी केली : कोण किती वर्षे, किती तास, कोणत्या राखीव जागेवर. ती यादी घेऊन तो प्राध्यापक संघटनेच्या सभेला गेला. मला त्याने सोबत बोलावले आणि मी गेलो. या वेळी मागणीपत्र तयार होत असताना तो खोलीत होता.